आकुर्डीचा बेंच

परवा शुक्रवारी आमच्या मजल्यावरच्या तिघांना एचआरने आत बोलावलं आणि अर्ध्या तासात तिघांचे लॅपटॉप जमा झाले. कागदोपत्री मात्र तिघांनीही 'राजीनामा' दिलाय. घरी येऊन सांगितलं, तर बाबा एवढंच म्हणाले, "आमच्या वेळी ह्याला व्हीआरएस म्हणायचे." बाबांची सगळी नोकरी पिंपरी-चिंचवडात गेली. तेव्हा ह्या शनिवारचा लेख आकुर्डीच्या बजाजवर.

आज पटणार नाही, पण एके काळी स्कूटर मिळायला वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागायचं. बजाजला स्कूटर बनवायचा परवाना मिळाला १९५९ साली. आधी इटलीच्या पियाज्योबरोबर व्हेस्पा, तो करार १९७१ ला संपल्यावर १९७२ पासून आपली चेतक. परवाना राज असल्यामुळे किती गाड्या बनवायच्या तेही सरकार ठरवणार. आकुर्डीत चिकटलेल्या पोराचं लग्न लगेच ठरायचं म्हणे, जसं मध्यंतरी हिंजवडीवाल्यांचं ठरायचं :)

मग १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली. कमी पेट्रोल, जास्त मायलेज. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लोक स्कूटर सोडून मोटरसायकलकडे वळले आणि २००१ मध्ये हीरो होंडाने बजाजचा पहिला नंबर घेतला. त्याच वर्षी बजाजने पल्सर आणली आणि ती तुफान चालली. म्हणजे कंपनी काही बुडाली नाही. पण पल्सर बनायची चाकणच्या नव्या कारखान्यात. नवी यंत्रं, कमी माणसं, तीही तरुण. २००५ च्या अखेरीस चेतकच बंद झाली.

शेवटचा घाव मात्र तंत्रज्ञानाचा नव्हता, कराचा होता. केंद्राने २००३ मध्ये तेव्हाच्या उत्तरांचलला पॅकेज दिलं: तिथे कारखाना काढा, १० वर्षं एक्साइज माफ. इकडे पिंपरी-चिंचवडात जकात. एप्रिल २००७ मध्ये बजाजचा पंतनगरचा कारखाना सुरू झाला आणि त्याच सप्टेंबरात आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. तेव्हा तिथे सुमारे २,७०० कामगार होते.

आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा). त्यांना कोणी काढलं नाही. तेव्हाच्या औद्योगिक विवाद कायद्यानुसार १०० किंवा जास्त कामगारांचा कारखाना बंद करायला किंवा कामगार कपात करायला सरकारची परवानगी लागायची. त्यामुळे कामगार पगारावर राहिले, फक्त काम नाही. आपल्या भाषेत, अख्खा कारखाना बेंचवर! आणि बेंचवर बसलेल्या माणसाला कळतं पुढे काय येणार ते. मग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. त्या शब्दातली 'स्वेच्छा' आणि आमच्या तिघांच्या राजीनाम्यातली 'स्वेच्छा' सख्ख्या बहिणी.

फरक एकच. त्यांच्यामागे संघटना होती, कायदा होता, म्हणून हातात रक्कम तरी पडली. आपण स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला लाजतो. आणि पंतनगरला नावं ठेवण्याआधी हेही आठवा, की आपली सॉफ्टवेअर निर्यातसुद्धा मार्च २०११ पर्यंत आयकर सवलतीच्या सावलीतच वाढली. सवलत ज्या गावाला जाते, नोकरीही तिकडे जाते. पुण्याने हा खेळ दोन्ही बाजूंनी बघितलाय.

गोष्टीला शेवट आहे, पण गोड म्हणवत नाही. २०१९ मध्ये चेतक परत आली, बॅटरीवर चालणारी. राहुल बजाज फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले आणि त्याच वर्षी १० जूनला, त्यांच्या जन्मदिनी, आकुर्डीत इलेक्ट्रिक चेतकचा नवा कारखाना सुरू झाला. चेतकही तीच, गावही तेच. पण २००७ मध्ये जो ४५ वर्षांचा फिटर होता तो तोपर्यंत साठीला पोचला होता. 'इंडस्ट्री पुन्हा उभी राहते' हे खरंच आहे. ती उभी राहीपर्यंत मधली १५ वर्षं कोणीतरी घर चालवायचं असतं, हे त्या वाक्यात येत नाही.

लिहिता लिहिता बाबांना विचारलं, तेव्हा लोकांना जास्त काय लागलं? मला वाटलं पैसे म्हणतील. म्हणाले, "अरे, शेजारच्या मशीनवरचा माणूस घरी यायचा बंद झाला. काय बोलायचं म्हणून."

शुक्रवारपासून मीही तिघांपैकी एकालाही फोन केलेला नाही. काय बोलायचं म्हणून.

असो. लेख इथेच थांबवतो. फोन करायचेत.