सातवी पास मास्तरीणबाई

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नकोच म्हटले. माझे शिक्षण मराठी सातवी. पण हीच सातवी आमच्या घरात एके काळी केवढी मोठी होती ते आठवले आणि लिहावयास बसले.

१९९८ साली मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा आजेसासूबाई शहात्तर वर्षांच्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारले, "किती शिकलीस गं?" मी खाली मान घालून सांगितले, "सातवी." त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे फायनल झालीस! मग शाळेत का नाही लागलीस?" मी काय सांगणार? हायस्कूल तीन कोसांवर, वाटेत ओढा, म्हणून वडिलांनी माझे नाव काढले होते. मास्तरीण होण्याची हौस मलाही होती.

त्यांच्या काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल ही सरकारी परीक्षा असे. ती पास झाले की प्राथमिक शाळेत लागता येई. आजेसासूबाई विसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरी एक मुलगा, म्हणजे माझे सासरे. भावाकडे राहून त्यांनी फायनल दिली आणि १९४४ साली लोकल बोर्डाच्या शाळेत लागल्या. पुण्यास ट्रेनिंगला गेल्या तेव्हा लेकराला आजोळी ठेवावे लागले. ते सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज भरून येई.

ही वाट त्यांच्याआधी काही बायांनी काट्यांतून काढली होती. त्याही आधी गावोगावी पंतोजी असत. धूळपाटीवर अक्षरे, मोडी, पाढे, पावकी-निमकी. आणि पगार म्हणजे घरोघरचे दाणे. त्या शाळेत मुलींना जागा नव्हती. १८४८ साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा सावित्रीबाईंचे वय अवघे सतरा. अंगावर शेण-चिखल झेलीत त्या शाळेत जात. १८७० साली पुण्यास स्त्रियांचे ट्रेनिंग कॉलेज निघाले. पुढे पंडिता रमाबाईंचे शारदा सदन, १८९६ सालचा कर्व्यांचा विधवाश्रम, १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांचे सेवासदन. ज्या बाईला घरात कोपरा उरला नाही, तिच्या हाती अशा ठिकाणी पाटीपुस्तक आले, आणि कित्येकजणी शिक्षिका झाल्या. हौस म्हणून नव्हे; दुसरे दार उघडे नव्हते म्हणून.

आजेसासूबाईंना गावातले प्रत्येक घर माहीत असे. मुलगी दोन दिवस आली नाही की तिसऱ्या दिवशी या तिच्या उंबऱ्यावर उभ्या. पण छडीही चालवीत, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे जुने विद्यार्थी पाया पडायला येत ते अजून हात चोळीतच! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारण्याला बंदी केली ती बरी केली, असे माझे मत आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई या घरातल्या दुसऱ्या मास्तरीण. बारावी, मग दोन वर्षे डी.एड. १९६२ सालीच लोकल बोर्ड जाऊन जिल्हा परिषद आली होती. २००१ साली त्या लागल्या, पण शिक्षिका म्हणून नव्हे, शिक्षणसेवक म्हणून. २००० साली सरकारने ही पद्धत आणली. तीन वर्षे मानधन, महिना ३,००० रुपये. आजेसासूबाईंचे पेन्शन आणि नातसुनेचे मानधन यांत फारसा फरक नव्हता. सासूबाई हसत, पण म्हातारीला ते लागले. "आमची सातवी, हिच्या दोन परीक्षा जास्त, आणि ही सेवक?" असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत.

जाऊबाई मुलांना घेऊन जमिनीवर बसतात, गोष्टी सांगतात. पोरे त्यांच्या गळ्यात पडतात. आजेसासूबाईंच्या समोर कोणाची छाती झाली नसती. पण खिचडीचा हिशेब, निवडणूक, मोबाईलवरून पाठवायची माहिती, यांतच त्यांचा निम्मा जीव जातो. रात्री जेवताना त्या वर्गाविषयी बोलत नाहीत, कागदांविषयी बोलतात. हा फरक मी एका ओट्याशी राहून पाहिलेला आहे.

त्यांची लेक, माझी पुतणी, हिनेही हाच रस्ता धरला. शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ साली १६,००० झाले, परंतु तिथवर पोहोचावयास २०१३ पासून पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, पास व्हावी लागते. शिवाय भरतीची वेगळी परीक्षा. पहिल्या खेपेस टीईटीत तिचे थोडक्यात गेले. चार दिवस ती नीट जेवली नाही.

त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांहून अधिक राहिली आहेत, अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी व्हावयास हवे. चोवीस वर्षे शिकवून झाल्यावर जाऊबाईंना पुन्हा परीक्षा! त्या दिवशी त्या देवघरासमोर बराच वेळ नुसत्या बसून होत्या.

आता रात्री भांडी झाली की मायलेकी एकाच दिव्याखाली बसतात. "काकू, तुम्ही प्रश्न विचारा," असे पुतणी म्हणते. मी पुस्तक धरून एकेक प्रश्न मोठ्याने वाचते, आणि उत्तर बरोबर की चूक ते मागचे पान पाहून सांगते.