दूध कशास म्हणावे?

आपली भाषा या बाबतीत मोठी उदार आहे. गाय व्याली की पहिल्या दिवसांत जे दाट, पिवळसर दूध येते त्यास आपण चीक म्हणतो. वडाच्या पानाचा देठ खुडला असता जो पांढरा द्रव स्रवतो तोही चीकच. आणि कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून जे सत्त्व काढतात त्यासही दुसरे नाव नाही. संस्कृतातही वड-उंबरांस क्षीरवृक्ष म्हटले आहे. कोकणात सोलकढीस नारळाचे दूध लागते; गोमंतकातील कोंकणी घरांत त्यालाच रोस म्हणतात. पशूचे दूध आणि वनस्पतीचे दूध यांतील सीमारेषा जिभेने फारशी पाळलेली नाही. ती पाळण्याची निकड उत्पन्न झाली ती व्रताने, आणि पुढे कायद्याने.

व्रत गांधीजींचे. 1912 साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी हर्मन कॅलनबाख यांच्यासह दूध सोडले. दूध अधिक निघावे म्हणून जनावरांवर जी फुंक्याची क्रूर क्रिया केली जाते, तिची माहिती झाल्यापासून त्यांस दुधाची शिसारी आली होती. पुढे 1918 साली खेडा जिल्ह्यात भुईमुगाच्या दाण्यांचे लोणी आणि लिंबू एवढ्यावर राबून ते आमांशाने अंथरुणास खिळले. दुधावाचून शरीर सावरणार नाही असे मुंबईत डॉ. दलालांनी बजावले, तेव्हा कस्तुरबांनी बिनतोड मुद्दा काढला : व्रत गाई-म्हशींच्या दुधाचे, शेळीच्या दुधास हरकत कसली? गांधीजींनी शेळीचे दूध घेतले. परंतु आत्मकथेत त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले आहे की व्रताचे अक्षर राखले गेले आणि आत्मा गेला. वास्तविक व्रत घेताना त्यांच्या मनात गाय व म्हैस हीच होती, आणि संकल्पकर्त्याचा हेतू प्रमाण मानणारे कोणतेही न्यायासन त्यांस निर्दोष ठरवते. अशिलानेच उठून आपल्याविरुद्ध निकाल द्यावा, हा प्रकार आम्हां वकिलांच्या अनुभवात क्वचितच येतो! दुधाइतकाच पौष्टिक व पचनास सुलभ असा वनस्पतिजन्य पर्याय कोणास स्वानुभवाने ठाऊक असल्यास कळवावा, अशी विनंतीही त्यांनी त्याच ठिकाणी केली आहे.

त्या विनंतीस जे एक उत्तर मिळाले त्याचा संबंध बडोद्याशी पोचतो, आणि ही गोष्ट आपल्या वाचकांस अभिमानाची वाटावी. सयाजीराव महाराजांच्या संस्थानात अन्नपाहणीची स्वतंत्र कचेरी होती. तिने काढलेल्या सोयाबीनवरील पत्रकाच्या आधारे गांधीजींनी 1935 साली 'हरिजन'मध्ये लिहिले, आणि वर्ध्यास मगनवाडीत या धान्याचा आहारात प्रयोगही झाला. पुढल्याच वर्षी एफ. एस. काळे यांचा सोयाबीनवरील भरघोस इंग्रजी ग्रंथ बडोदा संस्थानच्या छापखान्यातून बाहेर पडला. लागवडीपासून दुधापर्यंत सारे त्यात आहे. ज्या माळव्यात पुढे सोयाबीनचे पीक अमाप वाढले आणि ज्या इंदुरास 1987 पासून त्याचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तेथील मंडळींनी तरी हा ग्रंथ विसरू नये.

चीनमध्ये हे दूध पूर्वापार चालत आले आहे. सोयाबीन भिजवून, वाटून, गाळून ते उकळावयाचे. उकळणे केवळ चवीसाठी नव्हे, कारण कच्च्या दाण्यात प्रथिनांच्या पचनास अडथळा आणणारे द्रव्य असते. पौष्टिकतेत गाईच्या दुधाजवळ पोचते ते एवढेच एक. दोहोंत शेकडा सुमारे 3 भाग प्रथिन असते. नारळाच्या दुधात मुख्यत्वे स्निग्धांश. बदामाच्या बाजारी पेयात प्रथिन बहुधा शेकडा 1 भागाहून अधिक नसते. गाईच्या 100 ग्रॅम दुधात सुमारे 120 मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते; वनस्पतीच्या दुधात ते, आणि ब-12 जीवनसत्त्व तर हटकून, बाहेरून घालावे लागते. उलट, दुधातील साखर ज्या प्रौढांस पचत नाही त्यांना सोयाबीनचे दूध वरदान होय. एक वर्षाखालील बालकास मात्र यांपैकी काहीही, गाईचे दूधसुद्धा, आईच्या दुधाच्या जागी चालत नाही.

आता कायदा. आपल्या 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील नियमांत दूध म्हणजे निरोगी दुभत्या जनावराचा स्राव अशी व्याख्या होती, आणि तीत चीक असता कामा नये असेही होते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 14 जून 2017 रोजी टोफूटाऊन या जर्मन कंपनीच्या खटल्यात ठरविले की 'दूध' हे नाव वनस्पतीच्या मालास, खुलासेवार विशेषण जोडूनही, लावता येत नाही. अपवाद ठरीव यादीतील नावांचा. नारळाचे दूध त्या यादीत आहे; फ्रेंच, इटालियन व स्पॅनिश भाषांतील बदामाचे दूधही आहे; सोयाबीन नाही. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2021 साली हाच मार्ग धरला आणि नारळाच्या दुधास सूट दिली. म्हणजे हक्क ठरला तो वहिवाटीने. आम्हांस हे तत्त्व मान्य आहे, मात्र वहिवाट ज्या मुलखाची तेथीलच पाहावयास हवी. फ्रान्समध्ये बदामाचे दूध म्हणजे बदाम वाटून काढलेले पाणी. इंदूरच्या वा बडोद्याच्या हलवायाकडे बदाम दूध मागितले तर आटीव दुधात बदाम घालून देतात. तेच नाव डब्यावर छापून आत दुधाचा थेंब नसेल, तर फसगत होते ती आजारी माणसास किंवा लेकरास पौष्टिक म्हणून ते नेणाऱ्या गृहिणीची. सोयाबीनच्या बाबतीत तशी फसगत आम्हांस दिसत नाही, आणि त्याचे नाव काढून घेण्यात दूधउत्पादकांचे हित किती व गिऱ्हाइकाचे किती, हा प्रश्न त्या निकालाने आमच्या मते सुटलेला नाही.