देवगिरीच्या वाटेवरचे पाहुणे

वाळूज परिसरातल्या शाळांची सहल बहुधा ठरलेली असते. दौलताबादचा किल्ला, वेरूळची लेणी, परतताना खुलताबाद. एखाद्या वर्षी पैठण, आणि पैसे जमले तर अजिंठा. सहलीनंतर मुलांच्या वहीत जे उतरते तेही ठरलेले असते. किल्ला कोणी बांधला, लेणी किती, पायऱ्या किती. आपल्या आधी हे पाहायला कोण कोण आले होते आणि त्यांनी आपल्या वहीत काय लिहिले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आणि आले होते पुष्कळ. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’ या पुस्तकात पैठणचा उल्लेख आहे. भडोच बंदरापासून वीस दिवसांच्या वाटेवरचे गाव, तेथून रंगीत पाषाण येतो, असे तो सांगतो. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या मद्यकुंभांची खापरे सापडली. पण हे व्यापाराचे येणे-जाणे झाले. आम्हांला येथे वेगळ्या पाहुण्यांविषयी लिहायचे आहे. माल घेण्यासाठी नव्हे, तर दुसरी माणसे कशी जगतात, काय मानतात, काय जाणतात हे समजून घेण्याच्या ओढीने जे आले त्यांच्याविषयी. असे दोन मोठे प्रवासी महाराष्ट्रात येऊन गेले. एक चीनमधून सातव्या शतकात, दुसरा मोरोक्कोतून चौदाव्या शतकात. दोघांच्याही लिखाणाकडे आपण विज्ञानाच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहू. म्हणजे त्यांनी सांगितलेल्यातले काय तपासता येते आणि कशाने तपासता येते, ते पाहू.

ह्युएन त्संग हा बौद्ध भिक्षू. चीनमध्ये उपलब्ध असलेल्या धर्मग्रंथांची भाषांतरे एकमेकांशी जुळत नाहीत, ही त्याची अडचण होती. मूळ ग्रंथ पाहिल्याशिवाय खरे-खोटे कळणार नाही, म्हणून तो निघाला. त्यासाठी तो संस्कृत शिकला, नालंदेत शीलभद्रांच्या हाताखाली अभ्यास केला, आणि ६४५ मध्ये परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. पुढचे सारे आयुष्य त्याने भाषांतरात घालवले.

६४१ च्या सुमारास तो महाराष्ट्रात आला. येथील लोकांविषयी त्याने जे लिहिले त्याचा आशय आपल्या पाठ्यपुस्तकांत थोडाफार असतो. लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला सूचना देतात. शरण आलेल्याला मारत नाहीत. हरलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, त्याला बायकांची वस्त्रे देतात. हे वाचून आपली छाती फुगते. पण थोडे थांबायला हवे. याच मजकुरात लढाईपूर्वी योद्धे मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात, असेही आहे. ते आपण सहसा मुलांना सांगत नाही. आवडता भाग उचलायचा आणि नावडता गाळायचा, ही सवय इतिहासाच्या अभ्यासात प्रयोगातली नकोशी निरीक्षणे खोडून टाकण्याइतकीच वाईट आहे.

राजा पुलकेशी याला उत्तरेचा हर्षवर्धन जिंकू शकला नाही, असेही ह्युएन त्संग लिहितो. हे विधान तपासता येते. कर्नाटकातील ऐहोळे येथे इ.स. ६३४-३५ चा, रविकीर्ती या कवीने रचलेला शिलालेख आहे. त्यात पुलकेशीने हर्षाचा पराभव केल्याचे सांगितले आहे. शिलालेख राजाच्या आश्रिताचा, म्हणजे त्यात बढाई असणार हे धरून चालावे. पण हर्षाच्या दरबारात मान मिळवलेला परदेशी भिक्षूही तेच सांगतो, तेव्हा विधानाचे वजन वाढते. एकमेकांना न विचारता दिलेल्या दोन साक्षी जुळल्या, असा हा प्रकार आहे.

अजिंठ्याची गोष्ट अधिक मजेची आहे. देशाच्या पूर्व सीमेवर डोंगराच्या अंधाऱ्या दरीत एक संघाराम आहे, तो अचल नावाच्या अर्हताने बांधवला, दाराबाहेर उजव्या-डाव्या बाजूंस दगडी हत्ती आहेत, असे वर्णन त्याने केले. आत शंभर फुटांचा विहार आणि सत्तर फुटांची बुद्धमूर्ती आहे, आणि मूर्तीवर कशाचाही आधार नसलेली सात छत्रे तरंगत आहेत! आता अजिंठ्याला जाऊन पाहावे. सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशी हत्ती आहेत. सव्विसाव्या लेण्यातल्या शिलालेखात स्थविर अचलाचे नाव आहे. पण सत्तर फुटांची मूर्ती कोठेच नाही. सर्वांत मोठी मूर्ती सव्विसाव्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची, आणि ती सुमारे सात मीटर लांबीची आडवी मूर्ती आहे. म्हणजे काय? नावे आणि ठिकाण बरोबर, मापे फुगलेली. मापे फुगतात ती बहुधा तोंडातोंडी येताना. ह्युएन त्संग स्वतः अजिंठ्याला गेला नसावा, तेथे जाऊन आलेल्या भिक्षूंकडून त्याने ऐकले असावे, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते आणि आम्हांलाही ते पटते. छत्रांविषयी तो ‘असे सांगतात’ असे म्हणतो, आणि सांगणाऱ्यांची कारणेही एकापुढे एक नोंदवतो: अर्हताच्या संकल्पाचे बळ, मंत्रसिद्धी, औषधी विद्या. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवण्याची ही शिस्त सातव्या शतकातल्या श्रद्धावान माणसाची आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यानंतर सातशे वर्षांनी आलेला इब्न बतूता हा अगदी वेगळ्या स्वभावाचा. १३०४ मध्ये तांजिर येथे जन्मलेला हा माणूस एकविसाव्या वर्षी मक्केच्या यात्रेला म्हणून बाहेर पडला आणि जवळजवळ पाव शतक फिरत राहिला. दिल्लीत महंमद तुघलकाने त्याला काझी नेमले. १३४२ मध्ये सुलतानाचा वकील म्हणून चीनला जाण्यासाठी तो निघाला, आणि त्या वाटेवर दौलताबादला उतरला.

त्याने पाहिलेले दौलताबाद आजच्यासारखे ओस नव्हते. सुलतानाने १३२७ च्या सुमारास येथे दुसरी राजधानी वसवली होती. तो शहराचे तीन भाग सांगतो: सुलतानाचे व सैन्याचे दौलताबाद, कटक, आणि वरचा किल्ला देवगिरी. येथील जवाहिऱ्यांची श्रीमंती त्याला भावली, गाणाऱ्यांचा स्वतंत्र बाजार त्याने वर्णिला, द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे नोंदवले. ही शेवटची नोंद येथील बागायतदार आजही कौतुकाने वाचतील.

किल्ल्यावरच्या तुरुंगाचे वर्णन मात्र अंगावर काटा आणते. तेथे मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत आणि मांजरेच त्यांना भिऊन पळतात, असे तो म्हणतो. ते आपण स्वतः पाहिले, असेही सांगतो. या विधानाला थाप म्हणून हसणे सोपे आहे. पण आपल्याकडे घूस नावाचा प्राणी आहे. मोठी घूस किलोभर वजनाची भरते, अंगावर धावूनही येते, आणि घुशीपुढे मांजर माघार घेते हे धान्याच्या कोठाराजवळ राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. मोरोक्कोत घूस नसते. तिकडच्या माणसाकडे तिला शब्दच नव्हता, म्हणून त्याने जवळचा शब्द वापरला: उंदीर. हा आमचा तर्क आहे, पण प्राणिशास्त्राच्या तासाला मांडून पाहण्यासारखा आहे. अनोळखी वस्तूचे वर्णन माणूस ओळखीच्या वस्तूच्या मापानेच करतो.

आता खरा मुद्दा. मराठ्यांविषयी इब्न बतूता लिहितो की त्यांतले प्रतिष्ठित लोक ब्राह्मण आणि क्षत्रिय. ते भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात. प्राण्यांना मारणे त्यांना रुचत नाही. जेवणापूर्वी स्नान करतात. मद्य पीत नाहीत. आणि सात पिढ्यांचे अंतर असल्याशिवाय नात्यात लग्न करत नाहीत. नंदुरबारच्या लोकांच्या कारागिरीची, वैद्यकाची आणि ज्योतिषाची तो स्तुती करतो.

यातले प्रत्येक वाक्य खरे आहे आणि प्रत्येक वाक्य अपुरे आहे. सात पिढ्यांचा नियम धर्मशास्त्रातला सापिंड्याचा नियम आहे. तो त्याने अचूक टिपला. पण महाराष्ट्रातल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न होते, इतके की त्यात कोणाला वावगे वाटत नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील नातेव्यवस्थेची मांडणी करताना ही दक्षिणेशी जुळणारी रीत तपशिलाने दाखवली. भाताचेही तसेच. देवगिरीचा हा मुलूख कमी पावसाचा, ज्वारी-बाजरीचा. येथील शेतकऱ्याच्या ताटात भाकरी असणार. भात पाहुण्याच्या ताटात असतो! इब्न बतूताला भरड धान्ये माहीत नव्हती असे नाही. हिंदुस्थानातल्या पिकांची यादी देताना तो कोद्रू आणि मूग सांगतो, मुगाच्या खिचडीचेही वर्णन करतो. म्हणजे डोळे उघडे होते, पण येथे ते कोठवर पोचले?

तो अरबी बोलणारा, फारसी जेमतेम, मराठी मुळीच नाही. सुलतानाचा वकील म्हणून त्याचा मुक्काम अधिकाऱ्यांकडे. त्याला जे सांगितले गेले ते दुभाष्यामार्फत, आणि सांगणारे बहुधा शास्त्र जाणणारे. शास्त्रात काय आहे ते त्यांनी सांगितले; घरोघर काय चालते ते त्याला कोणी सांगितले नाही, आणि त्यानेही विचारले नसावे. त्यातही हा मजकूर परतल्यानंतर फेझ येथे इब्न जुझय या लेखनिकाला सांगून १३५५ मध्ये पुरा झाला. मधल्या काळात समुद्रावर लुटला गेल्यामुळे काही टिपणेही गेली होती.

त्या काळातले साध्या घरांतले जगणे हवे असेल तर परदेशी पुस्तकांपेक्षा महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ उपयोगी पडते. ते तेराव्या शतकातले, यादवांच्या काळातले. गंमत अशी की ज्या चक्रधरांच्या आठवणी त्यात आहेत तेही मूळचे बाहेरचेच, गुजरातचे. पण ते मराठीत बोलले, पायी हिंडले, लोकांच्या ओसरीवर उतरले. त्यामुळे वस्तू, अन्न, भांडणे, व्यवसाय यांचे केवढे तरी तपशील त्या ग्रंथात आले.

भाषा शिकणे आणि मुक्काम करणे, यांनी फरक पडतो तो हा. उलट दिशेचे एक उदाहरण देतो. धर्मानंद कोसंबी, गणिती व इतिहासकार दामोदर कोसंबी यांचे वडील. जन्म १८७६ चा, गोव्यातील साखवाळचा. बुद्धाचे चरित्र त्यांनी प्रथम एका मराठी मासिकात वाचले आणि मूळ धर्म समजून घ्यायचे वेड घेतले. १८९९ मध्ये ते घराबाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशीत संस्कृत; तेथून नेपाळ, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप. बुद्ध भारतात जन्मला, पण त्याचे पाली ग्रंथ शिकवणारे गुरू तेव्हा भारतात मिळत नव्हते, त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला! कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी ते पाली शिकले, श्रामणेर झाले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात हा प्रवास आला आहे. प्रौढी नसलेले असे आत्मचरित्र मराठीत विरळा, आणि वरच्या वर्गातल्या मुलांना ते सहज वाचता येईल.

मागे घरी पत्नी आणि लहान मुलगी होती, हे विसरून चालणार नाही. ज्ञानाच्या शोधात निघालेल्या पुरुषांच्या कथांत ही बाजू नेहमी दोन ओळींत उरकली जाते. त्या दोन ओळींत किती वर्षे असतात ते बाळाबाई कोसंबींना विचारायला हवे होते.

परतल्यावर कोसंबींनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. १९१० पासून चार खेपांना ते अमेरिकेत हार्वर्डला गेले. वॉरन या अमेरिकी पंडिताने अपुरे ठेवलेले ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाचे संपादन त्यांनी पुरे केले. हे काम करायला वेगवेगळ्या देशांतल्या पोथ्यांतले पाठ ताडून पाहावे लागतात, म्हणजे ह्युएन त्संगाची जी मूळ अडचण, तीच पुन्हा. १९२९ मध्ये ते लेनिनग्राडलाही गेले आणि तेथील समाजरचना कुतूहलाने पाहिली. १९४७ मध्ये सेवाग्रामला ते वारले. हार्वर्डची विसुद्धिमग्गाची आवृत्ती १९५० मध्ये निघाली.

वाळूजच्या शिक्षकांना यातला एक प्रयोग करून पाहण्यास फार लांब जावे लागत नाही. औद्योगिक वसाहत झाल्यापासून येथील वर्गांत मराठवाड्याच्या सर्व जिल्ह्यांतली, विदर्भ-खानदेशातली, बिहार आणि उत्तर प्रदेशातली मुले शेजारी शेजारी बसतात. इब्न बतूताचे प्रश्न घ्यावेत: घरी रोज काय शिजते, पाहुणा आला तर काय शिजते, लग्न कोणत्या नात्यात चालते आणि कोणत्यात नाही, आजारी पडल्यावर आधी कोणाकडे जातात. प्रत्येक मुलाने दुसऱ्या गावच्या मुलाला विचारून लिहावे, आणि वहीच्या पानावर उभी रेघ मारून एका बाजूला ‘पाहिले’ आणि दुसऱ्या बाजूला ‘ऐकले’ असे दोन रकाने करावेत. लग्नाविषयीच्या प्रश्नाला मुलगा एक उत्तर देईल आणि त्याची आजी दुसरे. दोन्ही लिहून घ्यावीत, खोडू नयेत. मग ज्याच्याविषयी लिहिले आहे त्यालाच ते पान वाचायला द्यावे, आणि त्याने केलेल्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने लिहाव्यात. इब्न बतूताच्या पानांवर अशा दुरुस्त्या करायला दौलताबादच्या कोणालाच मिळाले नाही.