पेन्शनीतला शिपाई आणि कोलारचे सोने

नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, आता उरलेले आयुष्य कुठे काढायचे? हा प्रश्न आपल्याकडच्या माणसाला फारसा पडत नाही. प्राथमिक शाळेतले गुरुजी असोत की पोस्टातले कारकून, गावचे घर शाकारायचे आणि ओटीवर येऊन बसायचे, हे बहुधा आधीच ठरलेले असते. पण इंग्रजी फौजेतल्या गोऱ्या शिपायाचे तसे नव्हते. त्याने अर्धे जग पाहिलेले असे, आणि विलायतेतल्या थंडी-पावसात परत जाण्याची त्याला नेहमीच हौस असे असे नाही. अशा मंडळींना बंगळूरची छावणी फार मानवली. समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंची, ऊन आहे पण पोळत नाही, हिवाळा आहे पण गारठवत नाही. पेन्शनरांचा स्वर्ग म्हणून बंगळूरची ख्याती झाली ती उगीच नाही.

मायकेल फिट्झजेराल्ड लाव्हेल हा असाच एक आयरिश शिपाई. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांशी इंग्रजांची जी युद्धे झाली, त्यांत तो लढला होता. त्याच न्यूझीलंडात १८६१ साली ओटागो भागात सोने सापडले आणि माणसे घरदार सोडून नदीनाल्यांकडे धावली. हे सारे पाहिलेला माणूस पेन्शन घेऊन बंगळूरला राहायला आला, तरी नुसता आरामखुर्चीत कसा बसेल? त्याच्या वाचनात एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा जुना लेख आला. कोलारकडे जमिनीत सोने आहे, असे त्यात लिहिले होते. १८७१ साली लाव्हेल बैलगाडी करून साठ मैलांवरच्या कोलारकडे निघाला.

कोलार हे नाव मराठी माणसाला परके वाटू नये. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत कोलारचा मुलूख होता. पण आपली गोष्ट त्यानंतरची आहे.

ज्या अधिकाऱ्याचा लेख लाव्हेलने वाचला तो लेफ्टनंट जॉन वॉरन. टिपू सुलतान १७९९ साली पडला, मग म्हैसूर राज्याच्या सीमा मोजायचे काम निघाले. त्या कामावर वॉरन १८०२ मध्ये या भागात हिंडत होता. (जाता जाता गुरुजनांसाठी सांगतो, हा वॉरन मोठा अभ्यासू गृहस्थ. पुढे त्याने आपल्या पंचांगांवर आणि कालगणनेवर 'कालसंकलित' नावाचा ग्रंथ लिहिला, तो १८२५ साली मद्रासेस छापला गेला.) जमिनीत सोने आहे अशा गोष्टी त्याच्या कानावर आल्या, तेव्हा त्याने बक्षीस लावले. मग काय, गावकरी मातीने भरलेल्या बैलगाड्या घेऊन हजर! त्याच्या डोळ्यांदेखत त्यांनी ती माती धुतली आणि तळाशी सोन्याचे कण दाखवले. मारिकुप्पम गावाजवळ तर लोक खड्ड्यांत उतरून दगड फोडत होते. टोपल्या हातोहात वर येत. बायका तो दगड कुटून त्याची पूड करीत आणि ती पूड पाण्याने धुवीत.

ही धुण्याची कला आपल्याकडच्या झारेकऱ्यांनाही ठाऊक आहे. सराफकट्ट्यावरची धूळ झाडून न्यायची, धुवायची आणि त्यातून कण वेचायचे. त्यामागचे शास्त्र साधे आहे. सोने पाण्याच्या एकोणीस पटींहून जड, वाळू जेमतेम अडीच पट. पाटी पाण्यात हलकेच फिरवली की वाळू वाहून जाते, सोने मात्र बुडाशी बसून राहते. वर्गात हा प्रयोग वाळू आणि लोखंडाचा कीस घेऊन सहज करता येईल.

म्हणजे पाहा, कोलारचे सोने लाव्हेलने शोधले असे आपण म्हणतो खरे, पण वॉरनला ते गावकऱ्यांनी दाखवले, आणि लाव्हेलला वॉरनच्या लेखाने. गावकऱ्यांची नावे मात्र कोणी टिपून ठेवली नाहीत.

लाव्हेलने १८७३ साली म्हैसूर सरकारकडे अर्ज केला. २ फेब्रुवारी १८७५ रोजी त्याला वीस वर्षांचा पट्टा मिळाला. त्याने उरिगामजवळ खणायला सुरुवात केली, आणि तेव्हा त्याला कळून चुकले की नदीकाठी बसून वाळू धुणे निराळे आणि कठीण खडकात विहिरीसारखे खाली उतरणे निराळे. पहिल्याला हौस पुरते. दुसऱ्याला भांडवल लागते, यंत्रे लागतात, शेकड्यांनी माणसे लागतात. पेन्शनीतून हे कसे व्हावे? १८७७ साली त्याने आपले हक्क मेजर जनरल बेरेसफोर्ड आणि मंडळींकडे दिले. १८८० मध्ये लंडनची जॉन टेलर आणि सन्स ही कंपनी आली. तिचाही बराच पैसा मातीत गेला. भागीदार कंटाळले. शेवटी उरल्यासुरल्या भांडवलावर प्लमर नावाच्या कॅप्टनने जुन्या लोकांच्या बुजलेल्या खड्ड्यांचा माग धरून खणले आणि सोन्याची खरी शीर हाती लागली. म्हणजे इथेही वाट दाखवली ती त्या निनावी मंडळींनीच, बरं का!

त्यानंतर मात्र चमत्कार वाटावा असे घडले. कावेरीवरच्या शिवसमुद्रमच्या धबधब्यावर वीज तयार होऊन १९०२ साली ९२ मैलांवरच्या या खाणीत आली. बंगळूर शहराला ती १९०५ साली मिळाली. शंभराहून अधिक वर्षांत कोलारने सुमारे ८०० टन सोने दिले. खाण इतकी खोल गेली की दहा हजार फुटांखाली खडकच साठ अंशांहून अधिक तापलेला असे. लाव्हेलने उबदार हवेसाठी हा मुलूख पसंत केला. खालच्या कामगाराच्या वाट्याला जी ऊब आली, ती कोणी पसंत केलेली नव्हती.

हे कामगार मुख्यतः तमिळ आणि तेलुगू मुलखातले गरीब, पुष्कळसे दलित. डोक्यावरच्या खडकाचा दाब असह्य झाला की तो स्फोटासारखा फुटे आणि माणसे गाडली जात. त्याहून वाईट ती गारेची बारीक धूळ. ती छातीत बसे आणि माणूस खोकून खोकून झिजे. १९४० ते १९४६ या काळात कामगारांची वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा शंभरांतल्या चाळिसांहून अधिकांना हा सिलिकोसिसचा रोग निघाला. ज्याची छातीच उरली नाही, त्याने पेन्शनीत कुठे राहायचे याचा विचार काय करावा?

१९५६ साली खाणी म्हैसूर सरकारने घेतल्या, पुढे त्या केंद्राकडे गेल्या. सोने मात्र कमी होत चालले. शेवटी शेवटी एक टन दगड फोडावा तेव्हा तीन-चार ग्रॅम हाती येई. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाणी बंद झाल्या.

लाव्हेलच्या नावाचा रस्ता आजही बंगळूरच्या उंची वस्तीत आहे. कोलारला काय आहे? सोने काढून घेतलेल्या सायनाइडच्या मातीचे डोंगर आहेत. वारा सुटला की त्यांची धूळ घरांत शिरते. त्याच घरांतून, खाणीवर राबलेल्यांची मुले-नातवंडे भल्या पहाटे मारिकुप्पमची गाडी पकडतात आणि पोटासाठी बंगळूरला जातात. रात्री परत येतात.