वत्सगुल्मचे भित्तिचित्रकार

चित्रकाराचे चरित्र लिहावयाचे तर प्रथम त्याचे नाव हवे, मग जन्मस्थान, गुरुपरंपरा आणि कृतींचा अनुक्रम. भारतातील सर्वश्रेष्ठ भित्तिचित्रे ज्यांनी रेखाटली त्यांच्या बाबतीत यांपैकी केवळ कृतीच, आणि त्याही खंडित स्वरूपात, आपल्या हाती उरल्या आहेत. तरीही त्यांच्या कारकिर्दीविषयी काहीच सांगता येत नाही, असे आम्हास वाटत नाही. तिचा एक धागा वाशीमपाशी येऊन मिळतो.

१९९८ साली अकोल्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन याच्यापासून वाकाटकांची एक शाखा येथून राज्य करू लागली. त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशीम येथेच १९३९ साली सापडला. त्यातील वंशावळ संस्कृतात आहे, तर प्रत्यक्ष दानाचा मजकूर प्राकृतात आहे. राजाची कीर्ती एका भाषेत आणि गावाचा व्यवहार दुसऱ्या भाषेत, ही वाटणी पालीच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावी अशी आहे. पुढे देवसेनाच्या काळात वाशीमजवळील हिस्से-बोराळा येथे सुदर्शन नावाचा तलाव बांधला गेला. तेथील शिलालेखावर शके ३८०, म्हणजे इ.स. ४५८, असा काळ नोंदलेला आहे.

देवसेनाचा पुत्र हरिषेण. त्याचा सचिव वराहदेव याने वत्सगुल्मपासून सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर पश्चिमेस असलेल्या अजिंठ्याच्या डोंगरात सोळाव्या क्रमांकाचे लेणे कोरवून ते भिक्खुसंघास अर्पण केले. लेण्याबाहेरील भिंतीवरचा त्याचा लेख महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी संपादून अभ्यासकांपुढे ठेवला. लेखात आधी राजवंश येतो, मग सचिवाचा वंश, मग विहाराचे वर्णन. त्या वर्णनात गवाक्षे आहेत, द्वारे आहेत, स्तंभ आहेत, सोपान आहेत, चित्रांनी शोभणाऱ्या वीथीसुद्धा आहेत. दानाचे पुण्य वराहदेवाने मातापित्यांस अर्पिले आहे. वीथी रंगविणारे हात मात्र त्या लेखात कोठेच नाहीत.

त्या काळी दात्यावाचून इतरांची नावे लिहिण्याचा प्रघातच नव्हता, असे समाधान कोणी करून घेईल. ते टिकणारे नाही. सव्विसाव्या लेण्याच्या लेखात भिक्खू बुद्धभद्राने बांधकामावर देखरेख करणाऱ्या धर्मदत्त आणि भद्रबंधू या दोन शिष्यांची नावे नोंदविली आहेत. दुसऱ्या लेण्यात चित्रांलगत आर्यशूराच्या जातकमालेतील श्लोक रंगाने लिहिलेले आहेत, आणि सतराव्या लेण्यात शिबि राजाचे नाव त्याच्या चित्रापाशी आहे. रंग होता, भिंत होती, अक्षरही होते. चित्रकाराचे नाव तेवढे लिहिले गेले नाही. यामागे शिल्पी आणि रंगकर्मी यांच्याकडे पाहण्याची समाजाची दृष्टी होती, असे आमचे मत आहे.

मग कारकीर्द वाचावयाची ती भिंतीवरूनच. ओबडधोबड खडकावर माती, खडीचा चुरा, वनस्पतींचे तंतू आणि भाताचा कोंडा यांचे लिंपण होई. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरे आणि पृष्ठभाग कोरडा झाल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग चढत. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे रंग साधे होते. परंतु निळ्यासाठी लागणारा लाजवर्द दूर अफगाणिस्तानातून येई. वॉल्टर स्पिंक यांच्या मते उत्तरकालीन अजिंठ्याचे बहुतेक सर्व काम हरिषेणाच्या आगेमागे अवघ्या दोन दशकांत झाले. हा कालक्रम सर्वांस मान्य नाही. मान्य केल्यास मात्र हे सारे एकाच पिढीचे काम ठरते. तरुणपणी कुंचला धरलेल्या माणसाने आश्रय संपताना अर्धवट राहिलेल्या भिंतीही पाहिल्या असतील.

त्यांच्या प्रतिभेचा एकच दाखला देतो. सोळाव्या लेण्यातील ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने गाजलेली स्त्री ही नंदाची पत्नी होय, हे आता अभ्यासकांनी ओळखले आहे. पाली उदानात नंदाची कथा येते. तेथे ती शाक्यकन्या जनपदकल्याणी अर्धे केस विंचरलेल्या स्थितीत मागे वळून पाहते, लवकर परत या असे म्हणते, आणि कथा नंदाबरोबर पुढे निघून जाते. चित्रकार निराळ्या परंपरेला अनुसरून तिच्यापाशी थांबला. सेवक नंदाचा मुकुट घेऊन आला आहे आणि ती कोसळत आहे. प्रव्रज्येची किंमत मागे राहिलेल्या माणसाने कशी मोजली, याला त्याने भिंतीवर जागा दिली. ग्रंथाचा केवळ अनुवाद करणाऱ्याचे हे काम नव्हे.

या भिंतींवरून शिकलेल्या पुढल्या चित्रकारांना नावे लाभली. रॉबर्ट गिल यांच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत गेल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी नेले. त्यांत पेस्तनजी बोमनजी होते. त्याही प्रतिकृतींपैकी पुष्कळ १८८५ च्या आगीत नष्ट झाल्या. १९०९ नंतर लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत तरुण नंदलाल बोस आले. अजिंठ्याची रेषा शिकलेल्या त्याच हाताकडे पुढे, बाबासाहेब ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते त्या भारतीय संविधानाच्या हस्तलिखित प्रतीची सजावट आली. इंग्रजी प्रत लिहिणारे प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी प्रत्येक पृष्ठावर आपले नाव घातले. उद्देशिकेचे पृष्ठ सजविले ते नंदलालांचे शिष्य, जबलपूरचे ब्यौहार राममनोहर सिन्हा यांनी. जबलपूरच्या शहीद स्मारकातील भित्तिचित्रेही त्यांचीच. उद्देशिकेच्या कोपऱ्यात ‘राम’ एवढीच त्यांची इवली सही आहे.

आज विदर्भातील विहारांत भिंतींवर महाभिनिष्क्रमण, धम्मचक्रप्रवर्तन आणि १९५६ ची नागपूरची दीक्षा रंगविलेली आढळते. ती चित्रे बहुधा दुकानांच्या पाट्या रंगविणाऱ्या स्थानिक पेंटरने काढलेली असतात. दारापाशी देणगीदारांची संगमरवरी पाटी असते, तीत रकमाही असतात. चित्राखाली पेंटरचे नाव व साल क्वचितच दिसते, आणि विहाराचा जीर्णोद्धार निघाला की नव्या गिलाव्याखाली ते चित्रही जाते.