दोन चापांची रायफल

वसंतातल्या व्याख्यानासाठी विषय कसा प्रसन्न असावा. आम्ही मात्र निवडला बंदुकीचा. पत्रिका छापण्यापूर्वी मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांला हळूच विचारलेही, "नेम कोणावर आहे?" नेम कोणावरही नाही. आम्ही जन्मात एक जनावर मारलेले नाही, आणि आता या वयात व या कायद्यात तसा संभवही नाही. परंतु जुन्या कागदपत्रांच्या निमित्ताने ठाणे-कल्याणच्या जुन्या घरांतून हिंडताना एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. ज्या घरांत पणजोबांची पगडी वाळवीने खाल्ली, पोथ्या रद्दीत गेल्या, पितळी समई मोडीत निघाली, त्या घरांतही एखादी जुनी रायफल असली तर तिला कोणी धक्का लावलेला नसतो. तेल-पाणी वेळच्या वेळी होते. परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख घरातल्या लग्नाच्या तिथीइतकी पाठ असते. हे असे का, हा आमचा आजचा विषय.

कल्याणास पारनाक्याच्या बाजूला अशाच एका घरी आम्ही मोडी कागद पाहावयास गेलो होतो. कागद फारसे कामाचे निघाले नाहीत. यजमानांना आमची निराशा दिसली असावी. ते म्हणाले, "थांबा, तुम्हांला आमच्या आजोबांची वस्तू दाखवतो," आणि कपाटातून त्यांनी खादीच्या पिशवीत गुंडाळलेली एक रायफल काढली. रिकामी असल्याची खात्री त्यांनी आधी स्वतः केली, मग आमच्याकडून करवून घेतली, आणि मगच ती आमच्या हाती दिली. वजनाला हलकी, उंचीला आखूड, आणि लाकडी दस्ता थेट नळीच्या तोंडापर्यंत गेलेला. खाली चाप दोन. नळी एक आणि चाप दोन कसे, असे आम्ही अडाणीपणाने विचारले. मागचा चाप ओढला की पुढचा इतका हळवा होतो की नुसत्या स्पर्शाने बार उडावा, असे त्यांनी समजावून दिले. ती होती ऑस्ट्रियातील स्टायर गावची मान्लिखर-शोनाउर, १९०३ सालच्या नमुन्याची.

ज्यांनी अशी रायफल हाताळलेली नाही त्यांच्यासाठी तिची रचना थोडक्यात सांगतो. आपल्या दाराची कडी आठवावी. ती वर उचलतो, मागे ओढतो, पुढे ढकलतो आणि खाली पाडतो. रायफलीचा बोल्ट नेमके हेच करतो. मागे ओढला की उडालेल्या काडतुसाचे टरफल बाहेर पडते, पुढे ढकलला की नवे काडतूस नळीत बसते, खाली पाडला की दार बंद. इतकी साधी युक्ती, पण ती पक्की व्हावयास युरोपातील कारागिरांची कित्येक वर्षे गेली. ओबेर्नडोर्फ गावच्या पॉल माउझरने १८९८ साली तिला जे रूप दिले, त्यापुढे जाण्यासारखे शिकारी रायफलवाल्यांना आजपर्यंत फारसे काही सुचलेले नाही. मान्लिखर-शोनाउरची तऱ्हा थोडी निराळी. तिच्या पोटात एक फिरता रूळ असतो आणि त्याभोवती पाच काडतुसे एखाद्या रहाटगाडग्याच्या पोहऱ्यांसारखी बसतात. बोल्टची मूठ गोल नसून लोणी लावण्याच्या सुरीसारखी चपटी. आम्ही ती मागे ओढली. कोठे खरखर नाही, अडकणे नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कोणा कानशीवाल्याचा हात त्यात जाणवत होता, एवढेच म्हणतो. यंत्रावर झालेल्या वस्तूत हा हात सापडत नाही असे नाही, पण क्वचित सापडतो.

पण केवळ कारागिरीने एखादी वस्तू घरची लाडकी होत नाही. त्यासाठी इतिहासात थोडे मागे जावे लागते.

आमच्या या मुलखाला शस्त्रे नवीन नव्हती. १७३७ साली मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, १७७४ च्या अखेरीस तो इंग्रजांनी आमच्याकडून घेतला. दोन्ही वेळा तोड्याच्या बंदुका आणि तोफा वाजल्या. तेव्हा बंदूक बाळगणे ही पाटलाच्या, शिलेदाराच्या घरची साधी गोष्ट होती. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत १८७८ साली हत्यारांचा कायदा आला आणि चित्र पालटले. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे हा गुन्हा ठरला. आणि मनाला लागणारा भाग असा की युरोपियनांना त्यातून सूट होती. गोऱ्या कारकुनाच्या खुंटीवर बंदूक टांगलेली चाले, आणि ज्याच्या पणजाने वसईला वेढा घातला त्याने कलेक्टरकडे अर्ज करावा! काँग्रेसच्या तिसऱ्याच अधिवेशनात, १८८७ साली मद्रासेस, या कायद्याविरुद्ध ठराव झाला. बंदुकीचा परवाना मिळणे ही तेव्हापासून प्रतिष्ठेची खूण झाली. वकील, इनामदार, मोठे कंत्राटदार यांच्या दिवाणखान्यात ती दिसू लागली. शिकार हे निमित्त. खरे म्हणजे सरकारने आपल्यावर विश्वास टाकला, हे चारचौघांना दाखवावयाचे असे. ही भावना फारशी अभिमानास्पद नव्हे, पण ती होती, आणि जुन्या रायफलीच्या मायेत तिचा वाटा मोठा आहे.

परवाना मिळाला तरी हवी ती रायफल मिळे असे नाही. .३०३ हे फौजेचे काडतूस. ते खासगी हातांत जाऊ नये हा सरकारचा कटाक्ष. मग बर्मिंगहॅमच्या बी. एस. ए. कारखान्याने त्याच ली-एनफिल्ड घडणीची रायफल .३१५ मापात हिंदुस्थानासाठी काढली. गंमत अशी की हे .३१५ म्हणजे ऑस्ट्रियाच्या फौजेचे आठ मिलिमीटरचे जुने काडतूस. इंग्रज फौजेचे काडतूस चोरीला जाईल ही भीती. ऑस्ट्रियाची फौज इकडे नसल्यामुळे तिचे काडतूस चोरणार कोण? स्वातंत्र्यानंतरही हे माप टिकले. इशापूरच्या सरकारी कारखान्यातून .३१५ च्या रायफली निघत राहिल्या, आणि खडकीच्या काडतुसांच्या बुडावर 'के. एफ.' ही अक्षरे उमटत राहिली. त्यामुळे आमच्याकडे रायफल म्हटली की बहुधा .३१५. तीतही काही वाईट नाही. पण जी सर्वांकडे असते तिच्याविषयी कोणी गोष्टी सांगत नाही. मान्लिखर, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्‌स ही नावे घरातली वडील माणसे घराण्याच्या गायकांची नावे घ्यावीत तशी घेत.

रिग्बीवरून जिम कॉर्बेटची आठवण होणारच. चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल १९०७ साली संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर ह्यूएट यांनी त्याला .२७५ मापाची रिग्बी रायफल भेट दिली. घडण माउझरची, दस्त्यावर चांदीची पट्टी. पुढे त्या रायफलीने त्याला आयुष्यभर साथ दिली. कॉर्बेटचे कुमाऊंतील नरभक्षकांवरील पुस्तक १९४४ साली प्रथम छापले गेले ते आमच्या शेजारी, मुंबईत. ते वाचून ठाणे-कल्याणच्या किती तरुणांनी रायफलीची स्वप्ने पाहिली असतील! आता ती रायफल पुन्हा रिग्बी कंपनीकडे गेली आहे. एका साध्या हत्याराला माणसाचे चरित्र चिकटले की त्याची किंमत पोलादात मोजता येत नाही.

येथे दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही वकिली केली असे होईल. येऊर, मलंग, मुरबाड, शहापूर या टापूत एके काळी वाघ होता. विहार तलावाच्या परिसरात १९२९ साली वाघ मारला गेल्याची नोंद आहे. त्यानंतर त्या बाजूला वाघ असा राहिला नाही. जंगल तुटले हे त्याचे मोठे कारण खरे. परंतु रविवारची पहाटेची गाडी धरून आसनगावला उतरणाऱ्या हौशी बंदूकवाल्यांनी उरलेसुरले संपविण्यास हातभार लावला, हेही खरे. कातकरी-ठाकरांच्या धनुष्याने आणि ठासणीच्या बंदुकीने जे शतकानुशतके झाले नाही ते लांब पल्ल्याच्या रायफलीने दोन पिढ्यांत केले. कॉर्बेटने स्वतः पुढे बंदुकीपेक्षा कॅमेरा पसंत केला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे दिवस संपले, ते योग्यच झाले. पिकाच्या रक्षणासाठी परवाने राहिले, पण त्या कामाला दुनळी पुरते. मान्लिखर कोणी रानडुकरासाठी शेतात नेत नाही. आणि अभयारण्यापासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने वनखात्याकडेही नाव नोंदवावे असे या कायद्यात कलम असल्यामुळे, येऊरच्या पायथ्याशी असलेल्या ठाणेकराला तर दोन खात्यांचे दरवाजे.

म्हणजे शिकार नाही, काडतूस नाही. मान्लिखरच्या ६.५ मापाचे काडतूस इकडे होत नाही. बाहेरून आणणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. उपयोगाच्या दृष्टीने ही वस्तू शून्य. तरीही ओढ राहते, आणि आमच्या मते उपयोग गेल्यामुळेच ती शुद्ध झाली. पूर्वी हिच्याकडे पाहून माणसाला सावज दिसे. आता पोलाद दिसते, अक्रोडाचे लाकूड दिसते, आजोबा दिसतात.

या ओढीची परीक्षा कल्याणच्या त्या घरी झाली. त्यांच्याकडे वडिलोपार्जित तीन हत्यारे होती. १९८३ पासून कायद्याची मर्यादा तिनाचीच असल्यामुळे कोणाला काही अडचण नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन मर्यादा दोनाची झाली, आणि जादा हत्यार एका वर्षाच्या आत जमा करावयाचे ठरले. आता तिघांतून एक घालवावयाचे. बारा बोअरची दुनळी शेतावरच्या डुकरांसाठी हवीच होती. राहिल्या .३१५ आणि मान्लिखर. मुलाचे म्हणणे सरळ होते: जिचे काडतूस खडकीत होते ती ठेवा, जिचे मिळत नाही ती द्या. ती तुम्ही शेवटची वाजवली कधी? वडिलांनी हिशेब केला. त्यांनी स्वतः ती कधीच वाजवलेली नव्हती. वीस-बावीस काडतुसे आजोबांच्या वेळची होती, ती केव्हाच संपली. सून म्हणाली, दोन्ही देऊन टाका, घरात लहान मूल आहे. तिचे म्हणणेही खोटे नव्हते. आमच्यासमोर या वादाची उजळणी झाली तेव्हा कोणाची बाजू घ्यावी हे आम्हांला कळेना, आणि खरे सांगावयाचे तर अजून कळलेले नाही. महिनाभर घरात हाच विषय. अखेर त्यांनी .३१५ जमा केली. सुनेच्या समाधानासाठी लोखंडी कपाट आले, त्याची किल्ली तिच्याकडे राहते, आणि मान्लिखरचा बोल्ट काढून वेगळ्या जागी ठेवलेला असतो.

परवान्याचे नूतनीकरण आता पाच वर्षांनी. गेल्या खेपेस वडील ती पिशवी घेऊन रिक्षाने तपासणीला गेले. नोंद करणाऱ्या तरुण अंमलदाराने दोन चाप पाहून आधी दुनळी लिहिले, मग नळी मोजून ते खोडले. "काका, ही चालते का?" त्याने विचारले. वडिलांनी बोल्ट बसवून एकदा मागे-पुढे केला. तो पोरगा म्हणाला, "मला द्या बघू," आणि त्याने तो स्वतः चारपाच वेळा ओढून पाहिला. मागे रांगेत माणसे खोळंबली होती.