मांडीवरचं तिकीट

दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात स्वतःची सीट घ्यावी लागत नाही. थोडे पैसे भरले की ते आई-बाबांच्या मांडीवर बसून जातं. म्हणूनच ‘दुसऱ्या वाढदिवसाआधी गोवा उरकून घेऊ’ हे वाक्य मी निदान चार घरांत ऐकलंय. तुम्हीही ऐकलं असेल. अमेरिकेत याच नियमावरून वर्षानुवर्षं वाद चाललाय, आणि तो पेटला भर सुट्टीतल्या एका विमानामुळे.

१९ जुलै १९८९. युनायटेड एअरलाइन्सची फ्लाइट २३२ डेन्व्हरहून शिकागोला निघाली होती. कंपनीने मुलांसाठी जवळजवळ फुकट तिकिटांची योजना काढली होती, त्यामुळे २९६ जणांत ५२ मुलं होती. त्यातली चार मांडीवरची. वाटेत शेपटीतल्या इंजिनाच्या पंख्याची चकती फुटली, तुकडे आरपार गेले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा एकदम बंद पडल्या. (एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी अशी सोय होती, पण शेपटीत तिघींचे पाइप जवळजवळच होते. सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.) कॅप्टन अल हेन्स आणि सहकाऱ्यांनी उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-जास्त करत विमान आयोवातल्या सू सिटीपर्यंत आणलं. पाऊण तासाच्या त्या कसरतीचं कौतुक सगळ्यांना माहीत आहे.

मागे केबिनमध्ये काय चाललं होतं, ते कमी सांगितलं जातं. मांडीवरच्या मुलांचं काय करायचं हे नियमांत लिहिलेलं होतं: त्यांना खाली, पायांशी ठेवायचं, भोवती उशा-ब्लँकेटं लावायची आणि आईबापांनी धरून ठेवायचं. मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी तसंच सांगितलं. विमान आपटलं, मोडलं, पेटलं. ११२ माणसं गेली, १८४ वाचली. मांडीवरच्या चौघांपैकी एक मूल गेलं. बाहेर पडल्यावर त्याची आई त्याला शोधायला परत आत निघाली होती. तिला अडवलं ते ब्राउन यांनीच.

यात हातांचा दोष नाही. दहा किलोच्या बाळाला दहा जीचा झटका बसला, तर धरणाऱ्याला ते शंभर किलोचं होतं. तेवढं वजन कुणाची आई पेलणार?

१९९० मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने शिफारस केली की लहान मुलांनाही सीट आणि पट्टा सक्तीचा करा. ब्राउन यांनी पुढची कित्येक वर्षं त्यासाठी खर्ची घातली. पण विमान वाहतूक खात्याने, म्हणजे एफएएने, हिशेब मांडला: सक्ती केली तर तिकीट महागेल, काही कुटुंबं विमान सोडून कारने जातील, आणि हायवेवर विमानापेक्षा कितीतरी जास्त मुलं मरतील. २००५ मध्ये त्यांनी सक्तीचा विचार सोडून दिला. बाळासाठी सीट घ्या, असा सल्ला मात्र ते अजूनही देतात.

हा हिशेब मला निर्दय वाटत नाही. उलट, इतक्या प्रामाणिकपणे तोटा मोजणारं सरकारी खातं विरळाच. पण त्यातलं एक गृहीत मला पटत नाही: सीटचा खर्च आईबापांनीच करायचा. मांडीवरच्या मुलाची सीट विमान कंपनीने निम्म्या दरात दिली तर किती जण कारकडे वळतील, हा प्रश्न उरतोच. शिवाय ते गणित अमेरिकेच्या हायवेचं आहे. मुंबईहून गोव्याला जायला विमान नको असेल, तर कोकण रेल्वे आहे.

आपल्याकडे बाळासाठी एक छोटा जादा पट्टा देतात, तो आईच्या पट्ट्यात अडकवायचा. युरोपातही तीच पद्धत. अमेरिकेत मात्र टेकऑफ आणि लँडिंगला त्यावर बंदी आहे, कारण झटक्यात आईचं शरीर पुढे दुमडतं आणि बाळ मध्ये चेपतं. दोन वर्षांची रेघ मात्र सगळीकडे सारखीच. सुट्टीत गोव्यातच वाढदिवस झाला, तर जाताना मांडीवर बसलेल्या मुलाला येताना सीट घ्यावी लागते.